टाकीतला हॅलोजन

रासायनिक कारखान्यातले सर्वांत धोक्याचे दिवस कोणते, असे विचारले तर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पूर्ण क्षमतेने धडधडणारा कारखाना येतो. प्रत्यक्षात धोका वाढतो तो कारखाना बंद असताना. वर्षातून एकदा, कुठे दोनदा, देखभालीसाठी ‘शटडाऊन’ घेतला जातो. टाक्या रिकाम्या करतात, रिअ‍ॅक्टर उघडतात, पाइपांचे जोड सुटे होतात. ज्या फाटकातून एरवी काडेपेटीही आत जात नाही, तिथून ठेकेदाराचा टेम्पो आत शिरतो. त्यात वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, एखादा पंखा, दोन-चार हॅलोजनचे दिवे आणि बाजारातून आणलेले एक्स्टेन्शन बोर्ड असतात. आठ-दहा दिवसांचेच काम, म्हणून सगळी व्यवस्था तात्पुरती. हा ‘तात्पुरती’ शब्द आरोग्याच्या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे. सरकारी रुग्णालयाच्या जळीत कक्षात येणाऱ्या कारखान्यातल्या रुग्णाची हकिगत अनेकदा याच शब्दापाशी सुरू होते.

ज्वालाग्राही वाफा असू शकतील अशा जागेत कायमची वीजव्यवस्था कशी असावी, हे नीट ठरलेले आहे. वाफ सतत असते, अधूनमधून असते की क्वचितच येते, यावरून जागेचे झोन ०, १ आणि २ असे भाग पाडतात. त्या-त्या झोनसाठी दिवे, स्विच आणि मोटारी वेगळ्या असतात. देशात अशा उपकरणांना मान्यता देणारी ‘पेसो’ ही केंद्रीय संस्था नागपुरात आहे, आणि उपकरणांची चाचणी घेणाऱ्या प्रयोगशाळांत धनबादची ‘सिंफर’ ही जुनी व मानाची. कारखान्यात फिरताना दिसणारे ते जाडजूड बिडाचे दिवे आणि भरपूर बोल्टांनी आवळलेल्या पेट्या म्हणजे हीच फ्लेमप्रूफ सामग्री.

फ्लेमप्रूफ म्हणजे हवाबंद, असा एक समज कारखान्यातसुद्धा आढळतो. तो चुकीचा आहे. अशा पेटीत वाफ शिरू शकते, हे गृहीतच धरलेले असते. आत ठिणगी पडली, स्फोट झाला, तरी पेटीने तो सोसायचा आणि झाकणाच्या कडेच्या अरुंद, लांब फटीतून बाहेर पडणारी ज्वाळा वाटेतच थंड व्हायची, अशी ती रचना आहे. १८१५ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी खाणकामगारांसाठी जाळीचा दिवा केला, त्यामागचे तत्त्व हेच. जाळीच्या धातूने ज्वाळेची उष्णता शोषून घ्यायची आणि बाहेरच्या वायूला ती लागू द्यायची नाही. म्हणूनच फ्लेमप्रूफ पेटीचे दोन बोल्ट हरवले किंवा कडेवर जाड रंगाचे थर बसले, तर ती दिसायला भारी पण कामाला साध्या पेटीसारखी होते.

ही सगळी काळजी कायमच्या दिव्यांची. शटडाऊनमध्ये टाकीच्या आत मात्र तिपाईवर साधा हॅलोजन लागतो.

आता थोडा हिशेब. टोल्यूइन हे रंग, औषधे आणि चिकटद्रव्यांच्या कारखान्यांत सर्रास वापरले जाणारे सॉल्व्हंट. हवेत त्याची वाफ सुमारे १.१ टक्के झाली की मिश्रण पेट घेण्याजोगे होते. एक लिटर द्रव टोल्यूइनची साधारण २३० लिटर वाफ होते. म्हणजे टाकीच्या तळाशी गाळात एक लिटर सॉल्व्हंट उरले असेल, तर वीस हजार लिटरच्या टाकीतली सगळी हवा धोकादायक करायला ते पुरते. त्यातही ही वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे ती सारखी पसरत नाही. तळाशी, खड्ड्यात, गटारात साचून राहते. वर मॅनहोलपाशी हवा स्वच्छ आणि कामगाराच्या गुडघ्यापाशी स्फोटक, असे सहज होऊ शकते. आणि पेटायला लागते तरी किती? अशा वाफांना एक मिलिज्यूलचा चौथा हिस्सा ऊर्जा पुरते. थंडीत स्वेटर काढताना बोटाला जो चटका जाणवतो, तो याहून कितीतरी पटींनी मोठा असतो. हायड्रोजन तर याच्याही दहाव्या भागात पेटतो.

चालू प्लग खेचून काढताना बोर्डाच्या भोकात निळी ठिणगी दिसते, ती घरात रोज पाहण्यातली. ड्रिल, ग्राइंडर, हातातला ब्लोअर यांच्या मोटारीत कार्बन ब्रश असतात आणि ते फिरत्या भागावर घासताना सतत ठिणग्या टाकतात. केबलचा जोड चिकटपट्टी गुंडाळून केलेला असतो आणि तो मॅनहोलच्या धारदार कडेवर घासत राहतो. हॅलोजनला ठिणगीचीही गरज नाही. त्याची काच नीट चालायला २५० अंश सेल्सिअसच्या वर तापावी लागते. इथर १६० ते १८० अंशांच्या आसपास आपोआप पेटते. कार्बन डायसल्फाइडला तर १०० अंशांच्या जवळपासचा गरम पृष्ठभागही पुरतो. दिवा शाबूत, वायर नवी, कुठे शॉर्ट नाही, तरी आग लागू शकते.

सर्वांत विचित्र प्रकार पंख्याचा. टाकीतली वाफ बाहेर काढायची म्हणून मॅनहोलच्या तोंडाशी साधा पंखा उलटा लावतात. हेतू चांगला, पण टाकीतली सगळी वाफ त्या पंख्याच्या मोटारीवरूनच बाहेर खेचली जाते. त्याहून भयंकर म्हणजे ‘आत गुदमरतेय’ म्हणून ऑक्सिजनच्या सिलिंडरची नळी टाकीत सोडणे. ऑक्सिजन वाढलेल्या हवेत कामगाराचे कपडे नि केससुद्धा फुलबाजीसारखे पेटतात. टाकीला हवा द्यायची तर ती साधी हवाच असली पाहिजे, आणि ती दाबाच्या हवेवर चालणाऱ्या, अर्थिंग केलेल्या एअर मूव्हरने दिली पाहिजे.

‘एवढ्याशा बॅटरीने काय होणार’ हा प्रश्न नवा नाही. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधल्या सेंगेनिड येथील कोळसा खाणीत स्फोट होऊन ४३९ खाणकामगार आणि मदतीला गेलेला एक जण मृत्युमुखी पडला. ठिणगी नेमकी कुठली, हे शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही. पण संशयाची सुई गेली ती खाणीतल्या इशाऱ्याच्या घंटीकडे. बॅटरीवर चालणारी घंटी आणि दोन उघड्या तारा. त्या एकमेकींना टेकवल्या की वर घंटी वाजायची. त्यानंतरच्या संशोधनातून ठिणगी पडली तरी वायू पेटणार नाही इतकीच ऊर्जा असलेले मंडल बनवण्याची कल्पना पुढे आली. आजही धोकादायक जागेतली मोजमाप यंत्रे आणि वॉकीटॉकी त्याच कल्पनेवर बनतात. खिशातला मोबाइल तसा बनवलेला नसतो. टाकीत अंधार आहे म्हणून कामगार त्याच मोबाइलची टॉर्च लावतो, आणि त्याला आत सोडणाऱ्या सुपरवायझरला त्यात काही वावगे वाटत नाही.

परदेशात असे घडत नाही, असेही नाही. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या केबिन क्रीक जलविद्युत केंद्रात २ ऑक्टोबर २००७ रोजी पाण्याच्या प्रचंड पाइपला आतून रंगाचा लेप देण्याचे काम चालू होते. जागा बंदिस्त आणि माणसांना बाहेर पडायला वाट एकच. रंगाचे यंत्र धुण्यासाठी आत ज्वालाग्राही सॉल्व्हंट नेले होते. ते पेटले, बहुधा स्थिर विजेच्या ठिणगीने. आगीच्या पलीकडे अडकलेले पाच कामगार सुमारे पाऊण तास रेडिओवरून बाहेरच्यांशी बोलत होते. ते भाजून मेले नाहीत, धुराने गेले. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोजवळच्या कारखान्यात ९ नोव्हेंबर २०१० रोजी टाकीच्या माथ्यावर वेल्डिंग करणारा ठेकेदाराचा कामगार स्फोटात ठार झाला. तिथे वायूची तपासणी झाली होती, पण ती टाकीच्या बाहेरच्या हवेची. आतली हवा कोणी मोजली नव्हती, आणि दुसऱ्या टाकीतून जोडनळीवाटे ज्वालाग्राही वायू आत आला होता. ठिणगीची कारणे या दोन्ही ठिकाणी वेगळी होती. सारखे होते ते एवढेच, की काम देखभालीचे, जागा बंदिस्त आणि मेलेली माणसे ठेकेदाराची.

आपल्याकडे यासाठी कायदा नाही, असे म्हणण्याची सोय नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ३६ अ आहे. टाकी, खड्डा, नळ किंवा अशा कुठल्याही बंदिस्त जागेत पुरेशी सुरक्षासाधने नसतील, तर २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा हातदिवा किंवा विजेचे उपकरण वापरायचे नाही. आणि आत ज्वालाग्राही वायू, वाफ किंवा धूळ असण्याची शक्यता असेल, तर फ्लेमप्रूफखेरीज दुसरा दिवा न्यायचा नाही. कलम ३७ सांगते, की टाकीतला ज्वालाग्राही पदार्थ आणि त्याची वाफ नाहीशी करण्याची पुरेशी उपाययोजना झाल्याशिवाय तिला वेल्डिंग किंवा कटिंग लावायचे नाही. हा अधिनियम आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावून घेतला गेला. कायद्याचे नाव बदलले म्हणून टाकीतली वाफ बदलत नाही.

२४ व्होल्टचा आकडा कुठून आला, हे डॉक्टरांना सांगावे लागत नाही. कोरड्या कातडीचा विजेला होणारा रोध हजारो ओहम असतो. उन्हाळ्यात बंद टाकीत घामाने निथळणाऱ्या, ओल्या पोलादावर गुडघे टेकून बसलेल्या माणसाचा रोध हजार ओहमपर्यंत खाली येतो. त्याला २३० व्होल्टचा स्पर्श झाला तर शरीरातून सुमारे २३० मिलिअँपिअर वीज जाऊ शकते. दहा-पंधरा मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. पन्नास ते शंभरच्या पुढे हृदय नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागते, आणि मग हातात मिनिटेच उरतात. बाहेर मोकळ्या जागेत माणूस झटका लागून निदान दूर फेकला जाण्याची शक्यता असते. टाकीत चहूबाजूंनी धातूच. सुटायला जागा नसते. एक्स्टेन्शन बोर्डाला अर्थिंगची तार नसणे किंवा तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन तोडलेली असणे ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट, आणि ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा आरसीसीबी तात्पुरत्या जोडणीत बसवलेला असेलच असे नाही. वेल्डिंग मशीनलाही निरुपद्रवी समजू नये. काम थांबलेले असताना त्याच्या होल्डरवर साठ-ऐंशी व्होल्ट असतात, आणि ओल्या माणसाला ते जीवघेणे ठरू शकतात.

आगीची गोष्ट आणखी वेगळी. टाकीत वाफ भडकते ती दोन-तीन सेकंद, पण त्या क्षणी माणूस घाबरून श्वास आत ओढतो. रुग्णालयात तो चालत येतो, बोलतो, पाणी मागतो. चेहरा आणि हात भाजलेले दिसतात, बाकी ठीक वाटते. नाकातले केस जळलेले, आवाज घोगरा, थुंकीत काजळी, ही चिन्हे दिसली तर श्वासमार्ग भाजला आहे असे धरून चालावे लागते. पुढच्या काही तासांत घसा आतून सुजतो, आणि तेव्हा नळी घालायला गेले तर वाट सापडत नाही. ती आधीच घालावी लागते. म्हणूनच असा रुग्ण आधी जवळच्या नर्सिंग होममध्ये, मग तालुक्याला, मग सिव्हिलला आणि तिथून मोठ्या शहरात असा फिरत राहणे घातक आहे. द्रवाचा हिशेबही भाजल्याच्या क्षणापासून सुरू होतो, दाखल झाल्यापासून नाही. जुन्या पार्कलंड सूत्राने ६० किलोच्या, ४० टक्के भाजलेल्या माणसाला पहिल्या २४ तासांत साडेनऊ लिटरच्या आसपास सलाइन लागते आणि त्यातले निम्मे पहिल्या आठ तासांत. हल्ली बरेच डॉक्टर थोड्या कमी प्रमाणाने सुरुवात करून लघवीच्या मापावरून ते वाढवतात. पण सहा तास रस्त्यातच गेले, तर कुठलेही सूत्र कामाला येत नाही.

घटनास्थळी करण्यासारखे थोडेच असते, आणि तेच बहुधा होत नाही. विजेचा झटका असेल तर आधी वीज तोडायची, मग माणसाला हात लावायचा. श्वास नसेल तर छातीवर दाब देणे तिथेच सुरू करायचे. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे नळाचे साधे वाहते पाणी सोडायचे. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ यांतले काहीही नको. अंगठी, कडे, घड्याळ सूज येण्याआधी काढायचे. अंगाला चिकटलेले कापड ओढायचे नाही. स्वस्तातला टेरिकॉट किंवा नायलॉनचा शर्ट वितळून कातडीत रुतून बसतो. टाकीत उतरणाऱ्या माणसाच्या अंगावर तो मुळात असताच कामा नये. आणि आत कोणी कोसळला तर त्याच्यामागे उडी मारायची नाही. बंदिस्त जागेतल्या अपघातांत दुसरा नि तिसरा मृतदेह हा बहुधा वाचवायला गेलेल्याचा असतो.

मालकांची बाजू ऐकली पाहिजे, कारण त्यात काही तथ्य आहे. शटडाऊनचा प्रत्येक दिवस म्हणजे उत्पादनाचे नुकसान. प्रमाणित हातदिवा साध्या हॅलोजनपेक्षा अनेक पटींनी महाग. शिवाय प्रत्येक अवजाराला फ्लेमप्रूफ पर्याय नसतो. ग्राइंडर कितीही चांगला असला, तरी लोखंडावर घासला की ठिणग्या उडणारच. ते त्याचे कामच आहे. म्हणून अशा कामासाठी दुसरा मार्ग आहे : आधी जागाच वायुमुक्त करायची, ती तशी आहे हे मोजून सिद्ध करायचे आणि काम संपेपर्यंत तशी ठेवायची. अमेरिकी नियमांत बंदिस्त जागेत वाफ स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांवर गेली, तरी ती जागा धोकादायक धरतात. म्हणजे पर्याय दोनच. एक तर वाफ नाही याची सतत खात्री, नाहीतर वाफेत चालेल असे उपकरण. आपल्याकडे पुष्कळदा दोन्ही अर्धे-अर्धे केले जातात आणि त्यावर परमिटचा कागद ठेवला जातो.

या कागदाबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. हॉट वर्क परमिट ही चांगली पद्धत आहे. पण सकाळी साडेआठला मॅनहोलच्या तोंडाशी मीटर धरून घेतलेला आकडा दुपारी अडीचला टाकीच्या तळाशी लागू नसतो. तोपर्यंत ऊन चढते, टाकी तापते, कामगार खोऱ्याने गाळ ढवळतो आणि त्यात अडकलेले सॉल्व्हंट मोकळे होते. मीटर आत, तळाशी, काम चालू असेपर्यंत सुरू राहिला पाहिजे आणि त्याच्या आवाजाने काम थांबले पाहिजे. बाहेर एक माणूस फक्त त्यासाठी उभा हवा. त्याला चहा आणायला किंवा पाना शोधायला पाठवले की तो तिथे नाही, असेच समजायचे.

दिव्यांचा प्रश्न तर सहज सुटण्यासारखा आहे. शटडाऊनच्या निविदेत बहुतेक वेळा एक ओळ असते : तात्पुरती प्रकाशव्यवस्था ठेकेदाराने करायची. ठेकेदार सर्वांत कमी दराने काम घेतो आणि त्या दरात जे बसते तेच दिवे आणतो. त्याला दोष देणे सोपे आहे, पण ती ओळ त्याने लिहिलेली नाही. आत जाणारे दिवे, केबल, ट्रान्सफॉर्मर आणि हवेचे पंखे कंपनीने स्वतःच्या भांडारातून द्यावेत, प्रत्येकावर तपासणीची तारीख असावी आणि ठेकेदाराचे विजेचे सामान फाटकावरच ठेवून घ्यावे. टाकी धुऊन सुकवेपर्यंत पाणी नि हवेवर चालणारी साधने वापरावीत. काही मोठ्या कारखान्यांत असे होतेही. आकाराने लहान, दोन-तीन रिअ‍ॅक्टरांच्या युनिटला स्वतंत्र खरेदी परवडत नसेल, तर एकाच औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांनी मिळून असा संच ठेवायला काही हरकत नाही. सगळ्यांचे शटडाऊन एकाच आठवड्यात येत नाहीत.

वैद्यकीय बाजूनेही एक काम राहून गेले आहे. जळीत कक्षातल्या केसपेपरवर ‘कंपनीत स्फोट होऊन भाजला’ एवढीच नोंद होते. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ज्वालाग्राही पदार्थ पेटून झालेल्या इजेला एक्स ०४ असा सांकेतांक आहे. त्यात पदार्थ कळतो, पेटवणारी वस्तू कळत नाही. पोलिसांच्या जबाबात ती येते न येते, कारण तोवर हॅलोजन कुठेतरी बाजूला गेलेला असतो. रुग्ण शुद्धीवर असतो तो पहिला तास-दोन तास, आणि त्या वेळी त्याच्याजवळ डॉक्टर असतात. वेदनाशामक दिल्यावर, नळी घालण्याआधी, दोन-तीन प्रश्न विचारता येतात : काम कुठे चालू होते, हातात काय होते, दिवा कुठला होता, प्लग कोणी काढला का. ही उत्तरे वैद्यकीय-कायदेशीर नोंदीत लिहायला पाच ओळी लागतात. नळी पडल्यानंतर त्याला बोलता येत नाही, आणि पुष्कळांच्या बाबतीत ती नळी पुन्हा निघत नाही.